टॅनची खोटी रेघ

टॅन क्ष या फंक्शनचा आलेख उणे ५ ते ५ या पट्ट्यात काढायचा आहे. सारख्या अंतरावरचे २०० बिंदू घेतले, प्रत्येकाची किंमत काढली आणि ती यादी ग्राफिक्स लायब्ररीच्या, म्हणजे चित्रं काढून देणाऱ्या तयार कोडच्या, हवाली केली. चित्र उमटतं, आणि त्यात चार ठिकाणी वरून खाली जाणाऱ्या जवळजवळ उभ्या रेघा दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, वा, अनंतस्पर्शी रेषासुद्धा काढून दिल्या की! प्रत्यक्षात १.५७०८ च्या अलीकडचा शेवटचा बिंदू १.५३२७ वर पडला होता आणि तिथे टॅनची किंमत सुमारे २६ होती. पलीकडचा पहिला बिंदू १.५८२९ वर, तिथे सुमारे उणे ८२. लायब्ररीने २६ ला उणे ८२ शी जोडून टाकलं. ती रेघ टॅनची नाही, कशाचीच नाही.

लायब्ररीला दोष द्यायचा नाही. तिला टॅन माहीत नाही, संतत म्हणजे काय हेही माहीत नाही. तिला बिंदू कळतात आणि दोन बिंदूंमधली रेघ कळते. गणिताच्या सॉफ्टवेअरसाठी लायब्ररी निवडायला बसलेली मंडळी बहुधा वेग, रंगसंगती, किती प्रकारचे आलेख फुकट मिळतात असले रकाने भरत बसतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: ही लायब्ररी कुठल्या प्रसंगी न सांगता खोटं चित्र काढते, आणि तिला तिथे थांबवायची सोय आपल्या हातात आहे का?

टॅनचा इलाज साधा आहे. तुटीच्या जागी यादीत ‘नॅन’, म्हणजे संख्याच नसलेली किंमत, घुसवायची. पायथनमधली आलेखांची लायब्ररी मॅटप्लॉटलिब तिथे पेन उचलते, ब्राउझरमध्ये आलेख काढणारी प्लॉटली ‘नल’ (रिकामी किंमत) दिला की उचलते. मात्र ग्राफिक्स कार्डाशी बोलायची जी मानकं आहेत, ओपनजीएल किंवा ब्राउझरमधलं वेबजीएल, त्यांच्यावर थेट लिहीत असाल तर या सवयीवर विसंबू नका. शेडरमध्ये, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, नॅनचं काय करायचं याची हमी त्या मानकांत नाही. एका ग्राफिक्स कार्डावर तुकडा गायब होईल, दुसऱ्यावर पडद्याच्या कोपऱ्याकडे त्रिकोणाचा भलामोठा भाला जाईल. तिथे वक्राचे वेगवेगळे तुकडे आपणच करून पाठवावे लागतात.

आता तूट ओळखायची कशी? दोन शेजारच्या किंमतींत मोठा फरक दिसला म्हणून तोडायचं, हा उपाय हमखास फसतो. एखादं फंक्शन तीव्र चढाचं असूनही सलग असतं, आणि मग त्याचाच चढ कापला जातो. खात्रीचा मार्ग म्हणजे संशयित अंतराल, म्हणजे दोन बिंदूंमधला पट्टा, दुभागत जायचं. निम्म्यात जिथे फरक मोठा आहे तो भाग धरायचा, पुन्हा निम्मा, असं दहा-बारा वेळा. फंक्शन सलग असेल तर फरक घटत जातो. पायरीसारखी उडी असेल तर तो तेवढाच राहतो. टॅनसारखं काही असेल तर वाढत जातो. एवढी आकडेमोड फक्त संशयित जागीच होत असल्यामुळे वेळही फारसा जात नाही.

याहून लबाड प्रकार म्हणजे सारख्या अंतराचे बिंदू. शून्य ते एकमध्ये १०० लाटा असलेला साइन घ्या आणि ०.०१ च्या अंतराने १०१ बिंदू काढा. प्रत्येक बिंदू नेमका शून्यावर पडतो. पडद्यावर सरळ आडवी रेघ. वक्र जिथे वळतो तिथे जास्त बिंदू घेणारी, स्वतःहून जुळवून घेणारी पद्धतही इथे गप्प बसते, कारण सुरुवातीच्या बिंदूंत वळणच दिसत नाही. म्हणून सुरुवातीचे बिंदू थोडे इकडेतिकडे सरकवायचे. पण हे सरकवणं ज्या यादृच्छिक संख्यांनी ठरतं त्यांचं बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, पक्कं ठेवायचं, नाहीतर खिडकीचा आकार बदलला की आलेख थरथरतो आणि वापरणाऱ्याला आकडे बदलल्यासारखं वाटतं.

साइन (१/क्ष) चं शून्याजवळ काय करायचं, तर रेघ ओढायचा नादच सोडायचा. एका पिक्सेलच्या रकान्यात शेकडो लाटा बसत असतील तर त्या रकान्यातली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत काढून तेवढा उभा पट्टा भरायचा. हीच युक्ती मोजमापाच्या लांबलचक यादीलाही लागू पडते: १० लाख बिंदू, १,००० पिक्सेल रुंदी, प्रत्येक रकान्यातला पहिला, शेवटचा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा असे चार ठेवले की ४,००० बिंदूंत काम भागतं. ‘दर हजारावा बिंदू घ्या’ हा सल्ला मात्र कानाआड करावा. त्यात नेमका तो एकुलता एक उंच काटा गळतो, ज्याच्यासाठी आलेख काढायला घेतला होता.

इथवर जे लिहिलं त्यात लायब्ररीचा संबंध तसा कमीच आहे, आणि ते जाणूनबुजून. नमुना बिंदू निवडणं हे गणिताच्या बाजूचं काम आहे. एखादी लायब्ररी ‘फंक्शन द्या, मी आलेख काढते’ म्हणत असेल तर तिचा नमुना कसा घेतला जातो ते आधी वाचावं, आणि तो बदलता येत नसेल तर ती सोय वापरू नये.

रेघ ओढण्यातच किती मतभेद असतात ते पाहा. दोन रेघा टोकदार कोनात भेटतात तिथे सांधा कसा करायचा? टोकदार सांध्याची लांबी म्हणजे रेघेची जाडी भागिले अर्ध्या कोनाचा साइन. जाडी २ पिक्सेल आणि कोन १२ अंश असेल तर ही लांबी सुमारे १९ पिक्सेल येते. तिच्यातली निम्मी, म्हणजे साडेनऊ पिक्सेल, खऱ्या बिंदूच्या वर डोकावते. हे गुणोत्तर ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर टोक छाटलं जातं. ब्राउझरमध्ये चित्र काढायच्या दोन वाटा आहेत, पिक्सेल रंगवणारा कॅनव्हास आणि आकारांची यादी ठेवणारं एसव्हीजी. कॅनव्हासमध्ये ही मर्यादा मुळात १० असते, एसव्हीजीत ४. आपल्या उदाहरणात गुणोत्तर साडेनऊच्या जरा वर. म्हणजे तेच आकडे, तोच ब्राउझर, पण कॅनव्हासवर शिखर साडेनऊ पिक्सेल उंच आणि एसव्हीजीत ते छाटलेलं. ज्या आलेखावरून कुणी शिखराची उंची वाचणार आहे तिथे हे चालणार नाही. सांधा गोल ठेवायचा, म्हणजे चूक अर्ध्या जाडीच्या आत राहते.

वेबजीएलमध्ये तर जाड रेघ हाच प्रश्न आहे. रेघेची जाडी सांगणारी आज्ञा आहे, पण मानकाला १ पिक्सेल एवढीच सोय पुरते, आणि बहुतेक यंत्रांवर तेवढीच मिळते. ३ पिक्सेलची रेघ हवी असेल तर प्रत्येक तुकड्याचे दोन त्रिकोण करून ती स्वतः विणावी लागते. वेबजीएलवर बेतलेल्या थ्री-जेएस या त्रिमितीय लायब्ररीत यासाठी निराळा वर्ग आहे; साध्या रेघेच्या वर्गात जाडी लिहून ‘काहीच का होत नाही’ म्हणत डोकं धरून बसलेले पुष्कळ सापडतात.

मग ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागायचंच का? १०-२० हजार बिंदूंपर्यंत नाही. एसव्हीजीत प्रत्येक ठिपका हा पानाचा स्वतंत्र घटक असतो, त्यामुळे काही हजार ठिपक्यांनंतर तो दमतो. कॅनव्हास त्याच्या कितीतरी पुढे जातो. बोटाने फिरवायचा पृष्ठभाग, लाखो ठिपके किंवा सरकपट्टी ओढताना दर क्षणी बदलणारं चित्र असेल तरच कार्डाकडे वळावं. आणि वळल्यावर एक किंमत मोजावी लागते, ती गणितवाल्यांना सर्वांत महाग पडते: अचूकता.

आपली आकडेमोड ६४ बिटांच्या ‘डबल’मध्ये चालते, साधारण १५-१६ अंक विश्वासाचे. वेबजीएलच्या शेडरला ३२ बिटांचा ‘फ्लोट’ मिळतो, सुमारे ७ अंक. १ च्या आसपास दोन लागोपाठच्या फ्लोट संख्यांत ०.००००००१२ च्या जवळपास, म्हणजे १.२ भागिले १ कोटी एवढं अंतर असतं. १,००० पिक्सेल रुंद खिडकीत प्रत्येक पिक्सेल वेगळा हवा असेल, तर १ च्या शेजारी ०.०००१२ पेक्षा अरुंद पट्टा दाखवताच येत नाही. त्याहून जवळ गेलं की गुळगुळीत वक्राच्या पायऱ्या होतात. वापरणारा म्हणतो, फंक्शन तुटकं आहे. वेळेच्या आलेखात हे आणखी लवकर घडतं. १९७० पासूनचे सेकंद मोजले तर आजचा आकडा १७० कोटींच्या पुढे आहे, आणि त्या घरात लागोपाठच्या फ्लोट संख्यांमधलं अंतर १२८ सेकंद असतं. दर सेकंदाची नोंद दोन-दोन मिनिटांच्या गठ्ठ्यांत गोळा होते.

उपाय वजाबाकीचा, पण क्रम चुकवून चालत नाही. खिडकीचा मध्यबिंदू डबलमध्येच प्रत्येक बिंदूतून वजा करायचा, उरलेला लहानसा फरक फ्लोटमध्ये उतरवायचा आणि तो कार्डाला पाठवायचा. आधी फ्लोटमध्ये उतरवून नंतर शेडरमध्ये वजाबाकी केली तर हरवलेले अंक परत येत नाहीत. वापरणारा खूप आत शिरला की मध्यबिंदू नव्याने ठरवून यादी पुन्हा पाठवायची. एका डबलचे दोन फ्लोट करून पाठवायची युक्तीही आहे. तिच्यात धोका असा की शेडरचा कंपायलर ती बेरीज-वजाबाकी बीजगणिताने ‘सोपी’ करून टाकतो आणि दुसरा फ्लोट शून्य होऊन बसतो. लायब्ररी निवडताना एवढंच तपासा: पाठवण्याआधीचा हा टप्पा ती आपल्याला हात लावू देते का? डबलची यादी घेऊन आत गुपचूप फ्लोट करणाऱ्या लायब्रऱ्या पुष्कळ आहेत.

अव्यक्त समीकरणांचा, म्हणजे क्ष आणि य एकमेकांत गुंतलेल्या समीकरणांचा, वक्र काढणाऱ्यांनी आणखी एक परीक्षा घ्यावी. समतल चौकोनांच्या जाळीत विभागायचं, प्रत्येक कोपऱ्यावर चिन्ह पाहायचं, आणि अधिक-उणे बदललं तिथून रेघ न्यायची, ही सर्वांची आवडती पद्धत. आता (क्ष − य)² = ० द्या. कर्णावरची सरळ रेषा आहे, शाळकरी पोरही सांगेल. पण डावी बाजू कुठेच ऋण होत नाही, चिन्ह बदलत नाही, आणि पडदा कोरा राहतो. याचं पक्कं उत्तर अंतराल-अंकगणितात आहे: चौकोनातल्या सगळ्या बिंदूंसाठी मिळून किंमतीची खालची-वरची हद्द काढायची आणि त्यात शून्य बसतच नसेल तरच चौकोन टाकून द्यायचा. जेफ टपर यांनी २००१ मध्ये या वाटेने विश्वासार्ह आलेखनाची पद्धत मांडली. ती संथ आहे, पण ‘इथे वक्र नाही’ असं ती म्हणते तेव्हा तिथे खरोखरच नसतो.

त्रिमितीत मॅटप्लॉटलिबवर भिस्त ठेवू नये. तिचं त्रिमितीय चित्र म्हणजे चित्रकाराची पद्धत: लांबचा तुकडा आधी रंगवायचा, जवळचा नंतर. दोन पृष्ठभाग एकमेकांत घुसले की कुणालाच धड मागे किंवा पुढे म्हणता येत नाही, आणि छेदरेषा चुकते. छेद पाहायचा असेल तर प्रत्येक पिक्सेलची खोली तपासणारं काहीतरी हवं. व्हीटीके ही त्रिमितीय चित्रांची लायब्ररी १९९३ पासून हेच करत आली आहे, आणि तिची सी प्लस प्लसमधली अवजड रचना पायथनमध्ये सुसह्य करणारी मायावी ही आयआयटी मुंबईत एअरोस्पेस शिकवणाऱ्या प्रभू रामचंद्रन यांची. पृष्ठभाग सूत्राने दिलेला असेल तर प्रकाशासाठी लागणारा लंब शेजारच्या त्रिकोणांची सरासरी काढून घेऊ नका. आंशिक विकलजावरून थेट काढा, कमी त्रिकोणांतही पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. पारदर्शक पृष्ठभाग दोनपेक्षा जास्त असतील तर त्यांचा क्रम प्रत्येक कोनातून बदलतो. शक्यतो एकच पारदर्शक ठेवावा, आणि बाकीचे जाळीने दाखवावेत.

एका पानावर वीस त्रिमितीय आकृत्या ठेवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट भोवते. क्रोममध्ये एका वेळी साधारण १६ वेबजीएल पटच (प्रत्येक आकृतीचा स्वतंत्र रंगवायचा फलक) जिवंत राहतात. सतरावा उघडला की सर्वांत जुना मरतो आणि वरची पहिली आकृती काळी पडते. आकृत्यांचं पान जितकं लांब तितका हा प्रकार नक्की. नजरेआड गेलेल्या आकृतीचं स्थिर चित्र ठेवून तिचा पट मोकळा करावा लागतो.

कागदाचं जग निराळंच आहे. नियतकालिकाच्या एका रकान्याची रुंदी साधारण ८५ मिलिमीटर. आकृती पहिल्यापासून त्याच मापाची करावी आणि अक्षरं ८ पॉइंटची ठेवावीत. मोठी आकृती काढून नंतर निम्मी केली की अक्षरंही निम्मी होतात आणि ४ पॉइंटची अक्षरं भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. दोन लाख ठिपक्यांची पीडीएफ सदिश, म्हणजे प्रत्येक ठिपका आकार म्हणून नोंदलेली, ठेवली तर ती उघडताना छापखान्याचं यंत्र आचके देतं. मॅटप्लॉटलिबमध्ये फक्त ठिपक्यांपुरतं ‘रास्टराइज्ड’ चालू करून ते ३०० ते ६०० डीपीआयचं चित्र करता येतं, अक्ष आणि अक्षरं सदिशच राहतात. तिच्या पीडीएफमध्ये फाँट मुळात प्रकार ३ चा जातो. कित्येक नियतकालिकं तो परत पाठवतात, म्हणून फाँटचा प्रकार ४२ असा लिहून ठेवावा. रंगांबद्दल एकच सांगतो: इंद्रधनुषी ‘जेट’ हा रंगपट वापरू नका. त्यात पिवळ्याचा पट्टा आकड्यांत नसलेली कडा दाखवतो. मॅटप्लॉटलिबने २०१७ च्या २.० आवृत्तीत ‘जेट’ काढून ‘व्हिरिडिस’ हा मुळातला रंगपट केला तो याचसाठी.

हे सगळं एकाच लायब्ररीत मिळेल का? मिळत नाही, आणि ते मान्य केलं की निवड सोपी होते. सेजमॅथ या गणिताच्या सॉफ्टवेअरकडे पाहा. द्विमितीय आलेखांना मॅटप्लॉटलिब, प्रकाशकिरणांचा माग काढून रंगवायच्या चित्रांना टॅकियॉन, आणि फिरवायच्या त्रिमितीय चित्रांना आता थ्री-जेएस. त्याआधी हे काम जेमोल करायची; ती मुळात रेणूंच्या आकृत्या दाखवण्यासाठी जावात लिहिलेली. ब्राउझरांनी जावा ॲप्लेट बंद केली आणि ती वाट गेली. ॲपलने २०१८ मध्ये मॅकवरचं ओपनजीएल कालबाह्य ठरवलं. तिथे ते ४.१ आवृत्तीवरच गोठलं आहे. पायथागोरसचा सिद्धांत मात्र अजून कुणी कालबाह्य ठरवलेला नाही. म्हणून गणित आणि लायब्ररी यांच्यामध्ये एक पातळ भिंत हवी. गणिताच्या बाजूने फक्त चार आज्ञा जाव्यात: ही तुटक-सलग रेघ, हे त्रिकोण, हा मजकूर या जागी, ही कापायची चौकट. १९८५ मध्ये आयएसओने मानक म्हणून घेतलेल्या जीकेएस या ग्राफिक्सच्या आज्ञासंचाची कल्पना याच्या जवळपासचीच होती. गणिताच्या फाइलींत लायब्ररीचं नाव एकदाही येता कामा नये. शोधून पाहा, सापडलं तर भिंतीला भोक आहे.

परवाना शेवटी वाचायची खोड महागात पडते. खिडक्या-बटणं बनवणारी क्यूटी एलजीपीएल या सैलसर परवान्याखाली मिळते म्हणून निश्चिंत झालेल्यांना तिचा आलेखांचा भाग क्यूटी चार्ट्स फक्त कडक जीपीएलखाली किंवा विकत, हे उशिरा कळतं. आलेख काढणाऱ्या नूप्लॉटचा जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाशी नावापलीकडे संबंध नाही. त्यात फेरबदल केलात तर बदललेला मूळ कोड सरसकट वाटता येत नाही, बदलांचे पॅच वेगळे द्यावे लागतात. थ्री-जेएस आणि प्लॉटली-जेएस एमआयटीखाली आहेत, व्हीटीके बीएसडीखाली, मॅटप्लॉटलिबचाही परवाना असाच सैल. तिथे डोकेदुखी नाही.

आणि मराठीत काम करायचं असेल तर एक चाचणी बाकी राहते, जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. आपण अज्ञात संख्या ‘क्ष’ मानतो, आणि क्ष हेच जोडाक्षर आहे. प्रत्येक वर्णाला एक चित्र असं मानणारी लायब्ररी त्याचा क, पाय मोडल्याची खूण आणि ष असे तीन तुकडे मांडते. ‘त्रिज्या’ लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. मॅटप्लॉटलिबच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्यांत हे असंच होतं. तिथे पीजीएफ या तिच्याच पर्यायाच्या वाटेने झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामकडे मजकूर सोपवावा आणि फाँट सांगताना लिपी देवनागरी असल्याचंही सांगावं, नाहीतर तिथेही जोडाक्षरं फुटतात. एसव्हीजी आणि कॅनव्हास ब्राउझरचं अक्षरयंत्र वापरतात, त्यामुळे नीट वागतात. फक्त अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. वेबजीएलला मजकूर मुळातच येत नाही. बऱ्याच लायब्रऱ्या सुट्या अक्षरांची चित्रं एका पत्र्यावर ठेवून जुळवतात, आणि तिथे देवनागरीचं भरीत होतं; आख्खा शब्द कॅनव्हासवर काढून त्याचं चित्र चिकटवावं, किंवा वर साधा एचटीएमएल थर ठेवावा.

पडदा आणि पीडीएफ दोन्ही तपासा, कारण दोन्हींची अक्षरयंत्रं वेगळी असू शकतात. चाचणीसाठी तीन नावं पुरतात: क्ष-अक्ष, त्रिज्या, क्षेत्रफळ. जोडीला अक्षावर देवनागरी आकडे आणि त्यांत एखादा ऋण हवाच. गणितातलं उणे चिन्ह आणि कीबोर्डवरची आडवी रेघ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि पहिलं पुष्कळ देवनागरी फाँटांत नसतं. मग वक्र बरोबर, तुटी बरोबर, सांधे गोल, आणि टॅनच्या आलेखाच्या डाव्या टोकाला एक रिकामा चौकोन आणि त्याच्याशेजारी ५.